कादंबरीसाठी घेतलेला लेझर प्रिंटर, वर्षभर वापरल्यानंतर

साधा ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर आहे, वायफायवाला. मी कादंबऱ्या लिहिते आणि लेक सहा वर्षांची आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघींचा धरा. आधी माझं सगळं लॅपटॉपवरच चालायचं, म्हणजे तिच्या दृष्टीनं आईचं काम काय तर स्क्रीनकडे बघत बसायचं आणि मधूनमधून "आत्ता नको गं" म्हणायचं. प्रिंटर आला आणि माझं काम पहिल्यांदा तिच्या हातात आलं. कागद गरम गरम बाहेर येतो, ती तो आधी गालाला लावते, मग खालचा आकडा मोठ्यानं वाचते आणि गठ्ठ्यावर ठेवते. एकोणसाठ, एकोणसत्तरला अडखळायची, आता बिनचूक म्हणते. एकदा दोन कागद एकत्र ओढले गेले आणि ८७ नंतर मधेच कोरा कागद आला, तर तो घेऊन धावत आली, "आई, हे पान तू लिहायचं विसरलीस!"

क्वालिटी चांगली आहे. लेझरमध्ये शाई नसते, टोनरची पावडर उष्णतेनं कागदावर वितळवून बसवतात, त्यामुळे ओला हात लागला तरी अक्षर पसरत नाही. इंकजेटवर, म्हणजे शाईच्या प्रिंटरवर छापलं असतं तर तिच्या वॉटरकलरच्या हातांनी माझे परिच्छेदच्या परिच्छेद वाहून गेले असते. दोन्ही बाजूंनी प्रिंट होतं पण मी ते मुद्दाम बंद ठेवलंय, मागची कोरी बाजू तिची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लहान मुलं असतील त्यांनी नीट वाचा. तिनं मागच्या बाजूला तेलकट खडूनं हिरवी नदी काढली होती आणि मी न बघता तोच कागद परत ट्रेमध्ये घातला. आतला रोलर जवळपास २०० अंश तापतो, मेण वितळून त्याला चिकटलं आणि पुढच्या प्रत्येक पानावर हिरवा ओघळ, शेवटी दुरुस्तीला द्यावा लागला. खडूचा कागद परत मशीनमध्ये कधीच घालायचा नाही. मागचं झाकणही मुलांना उघडू देऊ नका, आत चटका बसतो.

बाकी तक्रारी म्हणजे वायफाय मधेच झोपतं, बंद करून चालू करावं लागतं. सोबत आलेला टोनर कमी भरलेला असतो तो लवकर संपला, आणि खोक्यावर पानांचा जो आकडा असतो तो पानाचा साधारण ५ टक्के भागच काळा होईल असं धरून काढलेला असतो, गच्च मजकूर छापणाऱ्यांनी तेवढी पानं निघतील असं समजू नये.

छापून झालं की मी तिला त्यातला थोडा भाग वाचून दाखवते, मोठ्यांचे प्रसंग सोडून. मागच्या महिन्यात मधेच थांबवून म्हणाली, "काकू तर वरच्या मजल्यावर राहतात ना, मग जिना न चढताच घरात कशा गेल्या?" मी तो भाग चार वेळा तपासला होता हो, तरी दिसलं नव्हतं. त्या काकूंना गुडघेदुखी आहे, त्यामुळे जिना लिहायला बसले तर अख्खा प्रसंगच बदलला, त्या मधल्या पायरीवर बसतात आणि तिथेच त्यांना बातमी कळते. आता तोच माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे.

टॉल्किनच्या 'द हॉबिट' या कादंबरीचं हस्तलिखित १९३६ मध्ये प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं होतं आणि अभिप्राय लिहायचा एक शिलिंग मोबदलाही दिला होता. मला ते फार पटतं, मुलाला खरं काम द्यावं आणि त्याचा मोबदलाही द्यावा. आमच्याकडे दर प्रकरणाला एक नवीन पेन्सिल ठरलीये, जिन्याबद्दल दोन दिल्या.

प्रिंटर बुटक्या स्टुलावर ठेवा, मुलांचा हात पोचेल असा. चार स्टार, एक वायफायचा कापला.