बेली बोर्ड, पोटपट्टा की शरीरात बसवायचा स्पेसर: पोटाच्या किरणोपचाराआधी करायची निवड

अण्णांच्या गुदाशयाच्या कर्करोगासाठी २८ बैठकांमध्ये एकूण ५०.४ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा द्यायची असे ठरले, तेव्हा आम्हा घरच्यांचे सगळे लक्ष यंत्र कोणते आणि खर्च किती याकडेच होते. गाठीशेजारचे निरोगी आतडे किरणांच्या वाटेतून बाजूला कसे ठेवणार, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचाराआधी झोपण्याची स्थिती ठरवून सीटी काढण्याच्या, दिवशी टेबलावर मधोमध मोठे भोक असलेली फळी दिसली, तेव्हा तो पहिल्यांदा मनात आला. पुण्यात आज अनेक रुग्णालयांत लिनॅक, म्हणजे किरण देणारे यंत्र, आहे आणि कुटुंबे यंत्राच्या नावावरून रुग्णालय निवडतात. तेच यंत्र असूनही एका रुग्णाचे आतडे वाचते आणि दुसऱ्याचे भाजते, याचे कारण पुष्कळदा या साध्या दिसणाऱ्या साधनांत असते.

आतडे, यकृत आणि मूत्रपिंडे यांची सहनशक्ती गाठ मारण्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा कमी असते, ही मूळ अडचण आहे. निरोगी अवयवांना किती मात्रा सोसते याविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्वांटेक मार्गदर्शनानुसार, उदरपोकळीतील आतड्यांच्या जागेपैकी ४५ ग्रे किंवा अधिक मात्रा मिळणारा भाग १९५ घन सेंटिमीटरच्या आत ठेवावा आणि दोन्ही मूत्रपिंडांची सरासरी मात्रा १८ ग्रेच्या खाली असावी. आधुनिक यंत्रात मात्रा गाठीच्या कडेला काही मिलिमीटरांतच झपाट्याने उतरते, त्यामुळे अवयव एक सेंटिमीटरभर दूर सरकला तरी त्याला मिळणारी मात्रा बरीच कमी होते. खाली ज्या साधनांचा विचार केला आहे ती सगळी एवढ्याच कामासाठी आहेत: अवयव दूर सरकवणे किंवा गाठीची हालचाल आवरणे.

ओटीपोटातील कर्करोगासाठी, म्हणजे गुदाशय, गर्भाशय किंवा गर्भाशयमुखाच्या उपचारात, बेली बोर्डचा, म्हणजे मधोमध भोक असलेल्या त्या फळीचा, विचार आधी होतो. रुग्ण पालथा झोपतो, पोट भोकातून खाली लोंबते आणि लहान आतडी ओटीपोटातून पुढे व वर सरकतात. मूत्राशय भरलेले असेल तर ती आणखी वर ढकलली जातात. सुई टोचावी लागत नाही, शस्त्रक्रिया नाही आणि औषधही नाही. तरीही बोर्ड सगळ्यांना सोसत नाही. गुडघे किंवा मान दुखणाऱ्या वृद्धाला पालथे राहणे कठीण जाते, पोटावर स्टोमाची (शौचासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी असेल तर ती दाबली जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते, आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी आत चिकटलेली असतील तर ती सरकतच नाहीत. शिवाय रुग्ण रोज त्याच जागी झोपला पाहिजे. अण्णा तिसऱ्या दिवशी भोकाच्या कडेपासून दोन बोटे वर सरकून झोपले होते. तंत्रज्ञांनी रोजच्या स्कॅनमध्ये ते पाहिले, त्यांना उठवून पुन्हा नीट झोपवले आणि मगच यंत्र सुरू केले. रोज स्कॅन न करता बेली बोर्ड वापरणार असतील, तर मी तरी ते मान्य करणार नाही.

पर्याय म्हणून उताणे झोपवून, आयएमआरटी किंवा व्हीमॅट या किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या नव्या पद्धतीने किरणांना आतड्यांभोवती वळसा देता येतो. जुन्या पद्धतीच्या किरणोपचारात बेली बोर्डचा फायदा ठळक दिसत असे; नव्या पद्धतीत तो फरक कमी झाला आहे, आणि रुग्णाला उताणे निश्चल राहणे अधिक सोपे जात असेल तर मला उताणी स्थितीच योग्य वाटते. दोन्ही स्थितींत सीटी काढून तुलना करायला सांगणे यात गैर काही नाही.

मूत्राशय भरण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमची चूक इथेच झाली. एका रुग्णालयात आम्हाला फक्त ‘पाणी पिऊन या’ असे सांगितले गेले. अण्णा धायरीतून घरूनच पाणी पिऊन निघाले आणि सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकले. पोहोचेपर्यंत त्यांना थांबणे अशक्य झाले, आणि त्या दिवशी रिकाम्या मूत्राशयाने उपचार करायचा की पुन्हा पाणी पिऊन तासभर थांबायचे, असा पेच पडला. त्यानंतर आम्ही रुग्णालयात पोहोचल्यावरच लघवी करून, मोजून पाणी पिऊन, घड्याळ लावून बसू लागलो. किती पाणी प्यायचे आणि किती वेळ थांबायचे, हे सिम्युलेशनच्या दिवशीच लिहून घ्यावे, म्हणजे रोज तीच स्थिती राखता येते.

पोटाच्या वरच्या भागात, यकृत किंवा स्वादुपिंडाच्या गाठीसाठी, अडचण वेगळी असते. साध्या श्वासोच्छ्वासातही यकृत एक-दोन सेंटिमीटर वरखाली होते, त्यामुळे गाठीभोवती मोठी सीमा सोडावी लागते आणि त्या सीमेत पक्वाशय व जठर सापडतात. यावर दोन मार्ग आहेत. पहिला पोटपट्टा किंवा दाबपट्टी: बरगड्यांच्या खाली ठरावीक दाब देऊन श्वासाची हालचाल उथळ केली जाते. रुग्ण मोकळेपणाने श्वास घेत राहतो, म्हणून दम्याच्या किंवा थकलेल्या रुग्णाला तो जमतो. मात्र पोटात पाणी साठलेले असेल, टाके ताजे असतील किंवा महाधमनीचा फुगवटा असेल तर तो वापरता येत नाही, आणि पट्टीवरचे माप रोज तेच असावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे श्वास रोखणे. रुग्ण पंधरा-वीस सेकंद श्वास धरून ठेवतो आणि तेवढ्याच वेळात किरण दिले जातात. त्या वेळी गाठ जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे सीमा लहान करता येते आणि पक्वाशयासारख्या नाजूक भागाला त्याचा थेट लाभ होतो. रुग्णाला लागोपाठ अनेकदा, दर वेळी सारख्याच पातळीवर श्वास धरता येत असेल, तर मी श्वास रोखण्यालाच प्राधान्य देईन. नसेल तर पोटपट्टा अधिक विश्वासाचा आहे. स्पीकरवरची सूचना रुग्णाला कोणत्या भाषेत ऐकू येणार हे विचारावे. कानाने अधू असलेल्या माणसाला ‘श्वास घ्या, धरा’ हे मराठीत, सावकाश सांगितले गेले तर सराव पटकन होतो, आणि तो सराव आठवडाभर आधी घरी करून घेता येतो.

शरीरात बसवायच्या स्पेसरचा, म्हणजे गाठ व निरोगी अवयव यांच्यात अंतर राखणाऱ्या वस्तूचा, विचार सर्वांत शेवटी करावा असे माझे मत आहे. विरघळणाऱ्या जाळीचा झोका, सलाइनने फुगवायची सिलिकॉनची पिशवी, किंवा जपानमध्ये कोबे विद्यापीठाच्या संशोधनातून विकसित झालेला पॉलिग्लायकोलिक आम्लाचा नेस्कीप हा स्पेसर, या सगळ्यांसाठी शस्त्रक्रिया लागते. सिलिकॉनची पिशवी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. जाळी आणि नेस्कीप काही काळाने शरीरातच विरघळतात. गाठ काढण्यासाठी पोट उघडणारच असेल आणि नंतर त्या जागी मोठी मात्रा द्यायची असेल, तर शल्यचिकित्सक व किरणोपचारतज्ज्ञ यांनी शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र बसून ठरवावे; अशा वेळी रुग्णाच्या स्वतःच्याच ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा) पदर आतड्यांच्या जागी भरणे हाही उत्तम पर्याय असतो. केवळ स्पेसरसाठी अशक्त रुग्णाला भूल देणे मला पटत नाही.

ओळखीतले अनेकजण स्पेसओएआर या हायड्रोजेलविषयी विचारतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २०१५ साली मान्यता दिलेले हे जेल प्रोस्टेट व गुदाशय यांच्यामध्ये भरले जाते, साधारण तीन महिने टिकते आणि सहा महिन्यांत शोषले जाते. ते प्रोस्टेटसाठी आहे. यकृत किंवा स्वादुपिंडाच्या रुग्णाने ते मागू नये.

खारघरला प्रोटॉन उपचार मिळतात म्हणून द्रुतगती मार्गाने तिकडे निघण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की प्रोटॉनने गाठीपलीकडची मात्रा कमी होते, पण श्वासाने हलणारे यकृत त्यामुळे थांबत नाही. तिथेही श्वास रोखणे किंवा पट्टा लागतोच.

मात्रेची योजना आखणाऱ्या फिजिसिस्टकडून मात्रा-घनमान आलेख, म्हणजे अवयवाच्या किती भागाला किती मात्रा मिळते हे दाखवणारा आलेख, मागावा आणि त्यात आतडे, दोन्ही मूत्रपिंडे व यकृत यांच्या रेषा बोट ठेवून समजावून घ्याव्यात. साधन वापरून व न वापरता केलेल्या दोन योजनांचे आलेख शेजारी ठेवल्यावर आतड्याची रेषा खाली उतरलेली दिसली नाही, तर त्या साधनाचा त्रास आणि खर्च रुग्णावर टाकायचे कारण उरत नाही. हा आलेख पहिल्या बैठकीपूर्वी पाहावा, कारण उपचार सुरू झाल्यावर स्थिती बदलायची तर सीटी आणि योजना दोन्ही पुन्हा कराव्या लागतात.