हस्तलिखित तपासायला लिब्रे ऑफिस रायटर : सेटिंग नीट लावलं तर मस्त

प्रकाशकाकडे जायच्या आधी कादंबरी, लेखसंग्रह असलं काही तपासत असाल तर लिब्रे ऑफिस रायटर हे वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कामाचं आहे, पण आहे तसं उघडून बसू नका. आधी कंट्रोल एफ१० दाबा. प्रत्येक स्पेसच्या जागी बारीक ठिपका दिसतो, टॅबला बाण, आणि मग कळतं की लेखकाने परिच्छेद आत सरकवायला पाच-पाच स्पेस मारलेत, पूर्णविरामाच्या आधी पण एक स्पेस आहे, हे साध्या स्क्रीनवर जन्मात दिसत नाही हो.

दुसरं फॉन्टचं. देवनागरीचा साइज इंग्रजीपेक्षा वेगळा धरला जातो, त्यामुळे ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या सेटिंगला) मराठी निवडा आणि पॅराग्राफ स्टाइलमध्ये त्याचा फॉन्ट वेगळा द्या. मी टिरो देवनागरी मराठी लावते, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. झूम १५० च्या आसपास ठेवला की 'दुःख'मध्ये विसर्ग आहे का कुणी कोलन ठोकलाय तेही ओळखू येतं (कोलनच असतो बहुतेक वेळा!).

ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी सोय) चालू ठेवाच, पण वाचताना बदल दाखवणं बंद करा, नाहीतर रंगीबेरंगी रेघांत वाक्याची लयच लागत नाही. पानाचा पांढराशुभ्र रंग पण बदलता येतो, मी फिकट पिवळसर केलाय, रात्री डोळे कमी चुरचुरतात.

एकच तक्रार, ही सगळी सेटिंग तीन-चार ठिकाणी विखुरलीयत, नवख्या माणसाचा अर्धा तास शोधण्यातच जातो. पाचपैकी चार स्टार.