प्लग वायरींचा डुप्लिकेट सेट आणि गेलेली कॉइल

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी पावसाळी हवेत मिसिंग करायला, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटल्याने झटके द्यायला लागली होती. रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिलं, तर स्पार्क प्लगला करंट नेणाऱ्या वायरींपैकी दोन नंबरच्या वायरीच्या बुटाजवळ, म्हणजे टोकाच्या रबरी टोपीजवळ, निळी ठिणगी उडताना दिसली. रबर तडकलं होतं. प्लग वायरी बदलणं घरी जमणारं काम, म्हणून दुकानातून नवा सेट आणला. बॉक्सवर सिलिकॉन, ८ मिमी, रेझिस्टिव्ह, सगळं छापलेलं. होलोग्रामही होता. 'ओरिजिनलच आहे,' असं दुकानदाराने दोनदा सांगितलं. बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर फक्त 'वायर सेट' लिहून दिलं, पार्ट नंबर नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

वायरी लावल्या, गाडी छान सुरू झाली. दुसऱ्या दिवशी रेडिओत किर्र आवाज यायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की तोही चढायचा. तेव्हा मी रेडिओलाच दोष दिला. तीन आठवड्यांत मिसिंग परत आलं, पिकअप गेला, आणि शेवटी इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग, गेली. नवी कॉइल टाकली तरी गाडी थरथरतच होती.

मग मल्टिमीटर काढला आणि वायरींचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला. जुन्या वायरी नशिबाने टाकल्या नव्हत्या. त्यांचे आकडे लांबीप्रमाणे ४ ते ९ किलोओहम आले, म्हणजे व्यवस्थित. नव्यांपैकी तीन वायरींत जवळजवळ शून्य! आत साधी तांब्याची तार होती. रेडिओतला आवाज त्यामुळेच येत होता, कारण तो दाबण्यासाठीच वायरीत मुद्दाम रेझिस्टन्स ठेवलेला असतो. चौथी वायर तर ओपन, म्हणजे आतून तुटक होती. बूट मागे सरकवून पाहिलं: तारेचं टोक टर्मिनलला, म्हणजे बुटातल्या धातूच्या क्लिपला, नीट दाबलेलंच नव्हतं, मध्ये फट होती आणि दोन्ही बाजू काळ्या पडल्या होत्या. ठिणगीला रोज ती फटही ओलांडायला लागत होती. फट जळून वाढत गेली, तसा कॉइलवरचा ताण वाढला.

वरच्या आवरणाचा तुकडा चिमट्यात धरून जाळला. सिलिकॉन जळलं की पांढरी राख राहते. हा तुकडा वितळून थेंब थेंब गळला, धूर काळा आणि डोळ्यांना झोंबणारा.

हे सगळं घेऊन दुकानात गेलो. उत्तर मिळालं, 'तुम्ही घरी लावताना वायर ओढली असेल. लावलेला माल परत होत नाही.' मला सगळ्यात जास्त राग याचा आला. वायर ओढायची नाही, बूट धरून थोडा फिरवून काढायचा, हे मी काटेकोर पाळलं होतं. पण घरी काम करणाऱ्याचं कोण ऐकतो? त्याच्याकडे गॅरेजचं बिल नसतं, साक्षीदार नसतो, आणि असा माल खपवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

दुसरा सेट दुसरीकडून घेतला. मीटर सोबत नेला, काउंटरवरच चारही वायरी मोजल्या, प्रत्येक वायर बुटाजवळ वाकवून पुन्हा मोजली. आकडे आणि पार्ट नंबर बिलावरच लिहून घेतले. घरी आल्यावर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, चुकू नये म्हणून एक जुनी काढायची, तेवढ्याच लांबीची नवी 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची, मग पुढची. डुप्लिकेट सेट, ती चिठ्ठी आणि जळलेली कॉइल एका पिशवीत घालून ग्राहक तक्रारीसाठी जपून ठेवली आहे.