एनसीलेक्स-आरएनची क्वेश्चन बँक: वॉर्डात ड्युटी करून काही महिने वापरल्यानंतर

एनसीलेक्स-आरएन ही अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठीची परीक्षा, आणि क्वेश्चन बँक म्हणजे तिच्या सरावासाठी मुदतीवर विकत घ्यायचा ऑनलाइन प्रश्नसंच. पैसे वसूल होतात का, हा पहिला प्रश्न असतो, म्हणून आधी त्याचं उत्तर. होतात, पण प्रश्नांमुळे नाही, प्रश्नांखालच्या स्पष्टीकरणांमुळे. आणि तीही एका अटीवर: प्रत्येक स्पष्टीकरण आपल्या वॉर्डाशी ताडून वाचायचं. पाच-सात वर्षं आयसीयू केलेल्या सिस्टर या परीक्षेत अडखळतात ते माहिती कमी असल्यामुळे नाही. पुण्यातल्या वॉर्डात जे काम सिस्टरचं असतं, ते परीक्षेतल्या हॉस्पिटलात फार्मसीचं, सर्जनचं किंवा सहायकाचं असतं. उलट, आपण ज्यासाठी डॉक्टरांना फोन लावतो, ते तिथे नर्सने आधी स्वतः करायचं असतं.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदललं, ते थोडक्यात. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ ५ तास. त्यात ३ केस स्टडी, प्रत्येकीत ६ प्रश्न. हे सहा प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात: महत्त्वाच्या खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कोणती शक्यता सगळ्यात तातडीची ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा. पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही. बँकेच्या ट्यूटर मोडमध्ये (उत्तर दिलं की लगेच स्पष्टीकरण दाखवणारा सरावाचा प्रकार) मागे जाता येतं, आणि तीच सवय घातक ठरते. पहिल्या महिन्यानंतर तो मोड फक्त नवीन विषयासाठी ठेवावा.

सगळ्यात उपयोगी पडते ती फरकाची वही. बँकेतल्या नोट्स त्यात उतरवायच्या नाहीत. पानाच्या डावीकडे वॉर्डातली पद्धत, उजवीकडे परीक्षेतली, आणि दोन्ही सारख्या असतील तर काहीच लिहायचं नाही. नमुन्यादाखल काही नोंदी:

पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडे १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं आणि सिस्टरच ते बाटलीत मिसळते. परीक्षेत फार्मसीकडून तयार बॅग येते. नर्सचं काम म्हणजे लघवी होते आहे ना ते बघणं, पंपावर वेग लावणं (परिघीय, म्हणजे हातापायाच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नाही) आणि शिरेची जागा व मॉनिटर बघत राहणं. पर्यायात ‘पुश’ (सिरिंजने थेट शिरेत देणं) दिसलं की तो पर्याय बाद.

इन्सुलिन. आपल्या व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) बहुधा मिलीला ४० युनिट, सिरिंज लाल टोपणाची. परीक्षेत मिलीला १०० युनिट. ४० च्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत १०० चं इन्सुलिन भरलं तर २० नव्हे, ५० युनिट जातात. हे गणित एकदा कागदावर करून ठेवावं.

संमतिपत्र. वॉर्डात फॉर्म पुढे करणं, नातेवाइकांना समजावणं, सही घेणं हे सगळं सिस्टरवर येतं. परीक्षेत शस्त्रक्रिया, धोके आणि पर्याय समजावणं हे सर्जनचं काम. नर्स फक्त सहीची साक्षीदार. पेशंट म्हणाला की ‘मला नीट कळलं नाही’, तर नर्सने समजावत बसायचं नाही, सर्जनला बोलवायचं. आणि सज्ञान, शुद्धीवरचा पेशंट स्वतः सही करतो, मुलगा किंवा नवरा नाही.

काम वाटून देण्याच्या प्रश्नांवर सर्वाधिक वेळ घालवावा. आपल्याकडे मावशी-मामा, वॉर्डबॉय आणि नातेवाईक मिळून बरंच काही निभावतात, आणि कुणी काय करायचं हे इन्चार्ज सिस्टर चेहरा बघून ठरवते. परीक्षेत आरएन (नोंदणीकृत नर्स), एलपीएन (तिच्या हाताखालची परवानाधारक नर्स) आणि सहायक अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली तपासणी, पहिलं शिक्षण, परिणामाचं मूल्यमापन आणि अस्थिर पेशंट हे फक्त आरएनकडे. स्थिर, अंदाज बांधता येतो असा पेशंट एलपीएनला चालतो. सहायकाला अंघोळ, चालवणं, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली याची नोंद), स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, ताप, रक्तदाब). भरवणं सहायकाला चालतं, पण स्ट्रोकनंतर गिळायला त्रास असलेल्या पेशंटला नाही; बँक ही एक ओळ प्रश्नात लपवते आणि तिथेच गुण जातात. एक गैरसमज काढून टाका: एलपीएन म्हणजे आपली जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी डिप्लोमा केलेली नर्स) नव्हे. जीएनएम आपल्याकडे नोंदणीकृत नर्स असते.

‘आधी कुणाला बघाल?’ या प्रश्नांत आजार किती मोठा यापेक्षा लक्षण नवीन आहे की अपेक्षित, हे बघायचं. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचं सॅच्युरेशन ९० टक्के, हे अपेक्षित. मांडीचं हाड मोडून दुसऱ्या दिवशी अचानक अस्वस्थ झालेला, छातीवर बारीक लाल ठिपके आलेला तरुण, तो आधी, कारण हा फॅट एम्बोलिझम (हाडातली चरबी रक्तात जाऊन अडकणं) असू शकतो.

लेबर रूमचा अनुभव असलेल्यांना प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजाराची) केस स्टडी सोपी जाते, पण अर्धीच. डोकेदुखी, वरच्या पोटात दुखणं, १६०/११० च्या वरचा रक्तदाब, घसरलेले प्लेटलेट्स, या खुणा आपण रोज बघतो. झटके येऊ नयेत म्हणून दिलं जाणारं मॅग्नेशियम सल्फेट मात्र आपल्याकडे अनेक ठिकाणी प्रिचर्ड पद्धतीने देतात: ४ ग्रॅम शिरेतून, १० ग्रॅम स्नायूत, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. परीक्षेत बहुधा पंपावरचं इन्फ्यूजन असतं. पण डोस देण्याआधी आपण जे बघतो (गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास, लघवी) तेच तिथे तासागणिक बघायचं. रिफ्लेक्स गेला, श्वास १२ च्या खाली आला, की आधी इन्फ्यूजन बंद, मग डॉक्टरांना कळवणं आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. इथे वॉर्डातलं ज्ञान शंभर टक्के चालतं, फक्त क्रम बदलतो. ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय आपल्या हाताला आधी लागतो, कारण तीच शिस्त अंगात मुरलेली असते. रक्त चढवताना थंडी वाजली तरी तेच: आधी रक्त थांबवा, नव्या सेटने नॉर्मल सलाईन सुरू ठेवा, मग फोन.

गणितात वजन पौंडात येतं, तेवढं सांभाळायचं. उदाहरण: वजन १६५ पौंड, हेपारिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) दर किलोला तासाला १८ युनिट, २५० मिलीत २५,००० युनिट. १६५ ला २.२ ने भागून ७५ किलो, गुणिले १८ म्हणजे १,३५० युनिट, मिलीला १०० युनिट, म्हणजे तासाला १३.५ मिली. पूर्णांकात द्यायचं की एका दशांशापर्यंत, हे प्रश्नातच लिहिलेलं असतं आणि तेच वाचायचं राहून जातं. औषधांची नावंही बदलतात: पॅरासिटामॉलचं असिटामिनोफेन, सालब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनालिनचं एपिनेफ्रिन. आठवड्यात अंगवळणी पडतं.

संवादाच्या प्रश्नांत मात्र मन बंड करतं. ‘काही काळजी करू नका काका, सगळं नीट होईल’ हे आपल्या वॉर्डात माया म्हणून म्हटलं जातं. परीक्षेत ते खोटं आश्वासन ठरतं आणि चुकतं. उत्तर असतं पेशंटला बोलतं करणारं.

आता दोष. मोबाइल ॲपवर तक्त्याचे आणि मजकूर अधोरेखित करायचे प्रश्न अर्धेच दिसतात, लॅपटॉप हवाच. इतरांच्या तुलनेत आपली टक्केवारी दाखवणारा आलेख नाइट करून आल्यावर बघू नये, त्यातून काही शिकायला मिळत नाही. मुदत कॅलेंडरप्रमाणे संपते, ड्युटी रोस्टर बघत नाही. त्यामुळे पाठ्यपुस्तक आधी वाचून मग तीन महिने घेणं हे वर्षभर घेण्यापेक्षा परवडतं. पैसे डॉलरमध्ये कापले जातात, त्यावर आपल्या कार्डाच्या बँकेचा फॉरेक्स (परकीय चलनाचा) चार्ज वेगळा. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफ जुन्या असतात: ‘लागू ते सर्व निवडा’ प्रश्नाला सगळं बरोबर किंवा शून्य, असं त्यांत धरलेलं असतं. आता बरोबर निवडीला अधिक एक, चुकीला वजा एक, आणि एकूण शून्याच्या खाली जात नाही. म्हणून शंका असलेला पर्याय टिक करण्यापेक्षा सोडलेला बरा.

रोज ७५ प्रश्न उडवण्यापेक्षा २५ सोडवून पंचवीसही स्पष्टीकरणं वाचावीत, बरोबर आलेल्यांचीसुद्धा. दोन तास लागतात. शेवटच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ८५ चा सलग संच, मोबाइल बंद करून. नवी पेठेतल्या अभ्यासिकांत जागा मिळते, पण हेडफोनशिवाय जाऊ नका.

परीक्षा मुंबईत देणार असाल तर सकाळच्या स्लॉटसाठी डेक्कन क्वीनचा भरवसा नको. ती पुण्याहून सव्वासातला सुटते. आदल्या दिवशी जावं. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो, आणि नोंदणीतलं नाव व आडनाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी हे फी भरायच्या आधीच तपासावं.