एफडी सांगून अण्णांच्या गळ्यात मारलेली पॉलिसी

अण्णा मे २०२३ मध्ये एसटीतून रिटायर झाले, डेपोत मेकॅनिक होते. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे सगळं मिळून १४ लाखांच्या आसपास आले. पेन्शन म्हणाल तर ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांना मिळते ती, महिन्याला धड ३ हजार पण नाही. म्हणजे आईअण्णांचं पुढचं सगळं आयुष्य त्या १४ लाखांवर, हे आधी सांगते म्हणजे पुढचं का एवढं लागलं ते कळेल.

पैसे खात्यात जमा झाले आणि चौथ्या दिवशी बँकेतून फोन. ज्या बँकेत अण्णांचा पगार २० वर्षं जमा होत होता तीच बँक, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. एक मुलगा घरी आला, पाया पडला, आईच्या हातचा चहा प्यायला, काका काका करत दोन तास बसला. म्हणे नुसती एफडी कशाला करताय, ही स्पेशल एफडी आहे, ३ लाख एकदाच टाका, पाच वर्षांनी दुप्पट, वर विमा फुकट. अण्णांनी विचारलं एकदाच ना? तो म्हणाला एकदाच. नंतर एक फोन येईल, त्याला सगळ्याला हो म्हणा, नाहीतर सिस्टीममध्ये अडकतं. फोन आला तेव्हा हा शेजारीच बसलेला आणि मान हलवून दाखवत होता.

प्रत्यक्षात ती विमा पॉलिसी होती. दरवर्षी ३ लाख, १० वर्षं. ज्या माणसाकडे एकूण १४ लाख आहेत त्याला ३० लाख भरायची पॉलिसी!

जून २०२४ ला हप्त्याचा मेसेज आला तेव्हा अण्णांना वाटलं चुकून आला असेल. बँकेत गेले तर तो मुलगा बदलून गेलेला, नवीन बाई म्हणाल्या, काका भरून टाका नाहीतर आधीचे पण बुडतील. त्या बुडण्याचं खरंच होतं, तेव्हाच्या नियमाने एकच हप्ता भरलेली तसली पॉलिसी सोडली तर हातात काहीच येत नव्हतं. अण्णा घरी आले आणि गप्प बसले. आठ महिने कुणाला काही बोलले नाहीत, आईला सुद्धा नाही. मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला, दर रविवारी फोन व्हायचा आणि दर रविवारी सगळं ठीक आहे.

कळलं कसं, तर आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अण्णा सारखं पुढे ढकलायला लागले, उन्हाळा जाऊ दे, दिवाळी होऊ दे. फेब्रुवारीत मी गेले आणि आईच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ती फाईल सापडली. प्लास्टिकचं कव्हर पण काढलेलं नव्हतं. आत फॉर्मची कॉपी, सगळं इंग्रजी, आणि जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलने छोटी फुली मारलेली, प्रत्येक फुलीवर अण्णांची मराठी सही. एकूण अकरा. व्यवसायाच्या रकान्यात बिझनेस, वार्षिक उत्पन्न १२ लाख, ईमेल आयडी कुणाचा देव जाणे, अण्णांना ईमेलच नाही.

आणि मी काय केलं, तर अण्णांवर ओरडले. न वाचता सह्या कशा केल्यात, मला एक फोन करता येत नव्हता का. ते म्हणाले, तू अशीच बोलशील म्हणून नाही सांगितलं पोरी. ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून. आठ महिने आपल्याच लेकरांना घाबरून काढले त्यांनी.

मग लागलो मागे. पॉलिसी हातात आल्यावर नको असेल तर परत करायची मुदत असते, फ्री लूक म्हणतात, तेव्हा कागदी पॉलिसीला १५ दिवस होती, २०२४ पासून ३० दिवस झालीये. आमची कधीच संपलेली. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखीच द्यावी लागते, बँकेत तोंडी सांगून काही होत नाही. उत्तर आलं की मुदत संपली आणि ग्राहकाने फोनवर होकार दिलाय. असं उत्तर आलं किंवा महिन्यात काहीच आलं नाही की विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, नकार आल्यापासून वर्षाच्या आत. आमच्या भागाचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मात्र अण्णांच्याच सहीचा. आम्ही रिटायरमेंटची ऑर्डर, पेन्शनचं पासबुक आणि तो १२ लाखवाला फॉर्म एकत्र जोडला. सुनावणीत त्यावरच सगळं फिरलं, ३ हजार पेन्शनवाल्याचं उत्पन्न १२ लाख कुणी लिहिलं याला कंपनीकडे उत्तर नव्हतं. ३ लाख परत मिळाले. व्याज नाही. आता ते पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममध्ये आहेत, ८.२ टक्के, तीन महिन्यांनी व्याज खात्यात. आईचं ऑपरेशन पण झालं.

तुमच्या घरी कुणी नुकतं रिटायर झालं असेल तर पासबुक मागून घ्या आणि विमा कंपनीच्या नावाने काही गेलंय का बघा, आजच. फक्त आवाज चढवू नका, मी केलं ते करू नका.

हे लिहायचं कारण म्हणजे अण्णांच्याच डेपोतले अजून दोघं निघाले, तीच ब्रँच, तोच मुलगा. एकांचा अर्ज गेला. दुसऱ्या काकांना कंपनीचा नकार येऊन नऊ महिने झालेत, म्हणजे हातात तीनच उरले, पण ते तयार नाहीत, सुनेला कळलं तर काय तोंड दाखवू म्हणतात. अण्णा रोज संध्याकाळी लोकपालाकडून आलेली आपली ऑर्डर खिशात घालून त्यांच्याकडे जाऊन बसतात. कालपर्यंत तरी सही झालेली नाही.