जोडीचा मेटल डिटेक्टर: सिम्प्लेक्स प्लस की सी हंटर?

मिशिगनच्या तळ्यांत हरवलेल्या अंगठ्या शोधायच्या तर नेहमीच्या मेटल डिटेक्टरच्या जोडीला पाण्यात चालणारं दुसरं यंत्र हवंच. गॅरेटचं 'सी हंटर मार्क २' २०० फूट खोल पाण्यातही चालतं. पण त्याच्या पल्स इंडक्शनची (चुंबकीय ठोके सोडून धातू शोधण्याच्या तंत्राची) खरी मजा खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात ते हेअरपिनांनाही तितक्याच उत्साहाने ओरडतं. नोक्ताचं 'सिम्प्लेक्स प्लस' १२ किलोहर्ट्झवर चालणारं, पाण्यात फक्त ३ मीटरपर्यंत जाणारं, पण लोखंड ओळखून बाजूला काढतं. कमरेभर पाण्यात आणखी काय हवं? पाण्याखाली त्याचे वायरलेस हेडफोन मुके. तिथे मुठीतलं व्हायब्रेशन कामी येतं.

बॅटरीत मात्र सी हंटर सरस: ८ एए सेल घातले की सुरू. सिम्प्लेक्स आधी चार्ज करून ठेवा. तरी मी सिम्प्लेक्सच घेईन. पाणबुड्यांनी सी हंटर घ्यावं.