टीव्हीचा आवाज होम थिएटरमध्ये नेताना: एआरसी, ऑप्टिकल की साधी वायर?

टीव्ही नवा आला, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारी पेटी) आणि त्याचे पाच स्पीकर अजून ठणठणीत आहेत, अशी घरे सांगली-मिरजेत थोडीथोडकी नसतील. आजच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि जाडीच इतकी कमी असते की त्यातून भारदस्त आवाज निघण्याची अपेक्षाच चुकीची ठरते. तेव्हा चित्र टीव्हीवर पाहावे आणि आवाज जुन्या स्पीकरांतून ऐकावा, हा विचार शहाणपणाचाच आहे. प्रश्न उरतो तो दोहोंना जोडायचे कशाने याचा. महागातली केबल आणली की काम झाले, असा समज यात फार आढळतो. प्रत्यक्षात निर्णय ठरतो तो रिसीव्हरच्या मागच्या बाजूला कोणकोणती छिद्रे आहेत आणि घरात नेमके काय पाहिले जाते, या दोन गोष्टींवरून.

रिसीव्हरच्या मागे ‘एचडीएमआय आऊट’ असे लिहिलेल्या जागेपाशी ‘एआरसी’ ही अक्षरे असतील, तर बहुतेकांनी पुढचे पर्याय फारसे न चाळता हाच निवडावा. एचडीएमआय केबल मुळात चित्र आणि आवाज रिसीव्हरकडून टीव्हीकडे नेण्यासाठी असते. परंतु २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीपासून त्याच केबलमधून आवाज उलट दिशेने, म्हणजे टीव्हीकडून रिसीव्हरकडे, आणण्याची सोय झाली आणि तिलाच ऑडिओ रिटर्न चॅनेल म्हणतात. याचा सर्वांत मोठा लाभ ध्वनीच्या दर्जापेक्षा रोजच्या सोयीचा आहे. टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही बंद केला की रिसीव्हरही बंद होतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना बातम्या लावण्यासाठी दुसरा रिमोट शोधत बसावे लागत नाही. ही सोय सीईसी नावाच्या यंत्रणेमुळे मिळते. मात्र कंपन्यांनी तिला आपापली नावे दिली आहेत, त्यामुळे सॅमसंगच्या सेटिंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिंपलिंक’, तर सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ शोधावे लागते. ती बंद असेल तर बऱ्याच संचांत एआरसीही चालू होत नाही.

जोडताना दोन ठिकाणी गफलत होते. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी एआरसी सहसा एकाच पोर्टवर असते आणि तिथे तसे छापलेले असते. सेट-टॉप बॉक्स बसवणाऱ्याने नेमकी तीच जागा अडवलेली असेल, तर त्याची वायर शेजारच्या पोर्टमध्ये हलवावी. दुसरे असे की केबलचे दुसरे टोक रिसीव्हरच्या ‘इन’मध्ये न खोचता ‘आऊट’मध्येच खोचावे लागते. आवाज रिसीव्हरमध्ये आत यायचा असताना केबल ‘आऊट’मध्ये का, असे कोणालाही वाटेल, पण रचना तशीच आहे.

रिसीव्हर २००९ च्या आधीचा असेल, किंवा डीव्हीडी प्लेयरसह मिळणाऱ्या संचातला असून त्याचा एचडीएमआय पोर्ट फक्त चित्र बाहेर देण्यापुरता असेल, तर ऑप्टिकल हा पर्याय उरतो, आणि तो उरलासुरला म्हणून हिणवण्यासारखा मुळीच नाही. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत ध्वनी विजेच्या नव्हे तर प्रकाशाच्या रूपाने जातो. टीव्हीमागच्या चौकोनी छिद्रावरची लहानशी झडप बोटाने ढकलली की आत लाल उजेड दिसतो. तो दिसला म्हणजे ही जोडणी चालू आहे. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची टोपणे असतात, ती काढल्याशिवाय पिन आत बसत नाही, आणि जबरदस्तीने दाबल्यास टीव्हीची झडप मोडते. पिन योग्य बसली की बारीकसा ‘टक्’ असा आवाज होतो. केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडू नये. आतला तंतू दुखावला की आवाज अधूनमधून तुटू लागतो.

ऑप्टिकलची मर्यादा तिच्या वहनक्षमतेत आहे. तिच्यातून दोन वाहिन्यांचा साधा स्टीरिओ किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या ध्वनिपद्धतींचा दाबून लहान केलेला ५.१ (पाच स्पीकर व खर्जाचा एक सबवूफर) आवाज जातो. त्यापुढचे काही जात नाही. ओटीटीवरील चित्रपटांचा आवाज पुष्कळदा डॉल्बी डिजिटल प्लस या प्रकारात असतो आणि तो ऑप्टिकलला पेलत नाही, म्हणून टीव्हीने त्याचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करावे लागते. काही टीव्ही ते करतात, काही सरळ स्टीरिओ पाठवून मोकळे होतात, आणि मग मागचे दोन स्पीकर गप्प का, हे कोडे पडते. छताकडूनही आवाज देणारा डॉल्बीचा ॲटमॉस तर या वाटेने येतच नाही. शिवाय आवाज कमी-जास्त करायला रिसीव्हरचाच रिमोट लागतो.

तरीही आपल्या भागात ऑप्टिकलचा एक गुण एआरसीपेक्षा सरस ठरू शकतो. केबल टीव्हीची तांब्याची वायर खांबावरून येते, तिचे अर्थिंग घराच्या अर्थिंगहून वेगळे असते, आणि ती सेट-टॉप बॉक्स, टीव्ही व रिसीव्हर अशी धातूने धातूला जोडली गेली की सबवूफरमधून सतत बारीक घरघर ऐकू येण्याची शक्यता असते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही घरघर खर्जात असते आणि रात्री सगळे निजले की ठळक होते. खात्री करून घ्यायची असेल तर सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची वायर उपटून पाहावी; घरघर त्याच क्षणी थांबली, तर दोष रिसीव्हरचा नाही. ऑप्टिकलमध्ये दोन यंत्रांना जोडणारे तांबेच नसल्याने हा दुवा तुटतो. चैत्र-वैशाखात वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात तेव्हा केबलच्या वायरीतून आलेला झटका टीव्हीमार्गे रिसीव्हरपर्यंत जाण्याची एक वाट यामुळे बंद होते. घरातील विजेच्या प्लगची वाट अर्थातच उघडी राहते, तेव्हा अशा संध्याकाळी प्लग काढून ठेवणे हेच बरे.

लांबीचा मुद्दाही येथेच येतो. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ज्यांनी रिसीव्हर टीव्हीखालच्या कपाटातून उचलून उंच फळीवर ठेवला आहे, त्यांना केबल लांब लागेल. पाच मीटरपर्यंत दोन्ही प्रकार सहसा निभावून नेतात. त्यापुढे स्वस्त केबल घेऊ नये, आणि भिंतीत गाडण्यापूर्वी ती जमिनीवर पसरून एकदा चालवून पाहावी.

तांबड्या-पांढऱ्या पिनांच्या साध्या वायरीचा विचार रिसीव्हरला डिजिटल इनपुटच नसेल तेव्हाच करावा. टीव्हीमागच्या पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या जागा बहुतेक वेळा आत घेण्याच्या असतात, बाहेर देण्याच्या नव्हे. म्हणून हेडफोनच्या छिद्रातून वायर काढावी लागते. तेही नसेल तर ऑप्टिकलचा आवाज साध्या पिनांवर उतरवणारी लहान डबी बाजारात मिळते, परंतु ती लावल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) ठेवावा, नाहीतर डॉल्बीचा संकेत तिला उलगडत नाही. या मार्गाने फक्त स्टीरिओ मिळतो. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्या मिरजकर रसिकाला त्याने काहीच उणे पडणार नाही, कारण ती मुद्रणे मुळात एक किंवा दोन वाहिन्यांचीच आहेत. ब्लूटूथचे मात्र नाव काढू नये. आवाज ओठांच्या मागे रेंगाळतो आणि क्रिकेटच्या सामन्यात चेंडू बॅटला लागल्याचा आवाज फटका मारून झाल्यावर येतो.

आता ईएआरसी. एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या या सुधारित सोयीची क्षमता एआरसीच्या कैक पटींनी मोठी आहे आणि तिच्यातून डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी किंवा न दाबलेला ७.१ (सात स्पीकर व एक सबवूफर) आवाज जातो. ऐकायला हे मोहक वाटते. परंतु असा आवाज बहुतांशी ब्लू-रे डिस्कमध्ये किंवा गेमिंग कन्सोलमध्ये असतो. ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच गुंडाळून येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो. त्यामुळे घरात ब्लू-रे किंवा कन्सोल नसताना केवळ ‘ई’ या एका अक्षरासाठी चालता रिसीव्हर मोडीत काढणे माझ्या मते उधळपट्टी आहे. ॲटमॉसची खरी ओढ असेल तर खर्च करावा, पण मग छताकडून आवाज देणारे स्पीकरही लागतील, हे धरूनच हिशेब मांडावा.

एक आडवाट मात्र पुष्कळांच्या कामाची आहे. रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट असतील, तर सेट-टॉप बॉक्स व प्लेयर थेट रिसीव्हरला जोडून तेथून एकच केबल टीव्हीकडे न्यावी. मग त्या यंत्रांचा आवाज टीव्हीच्या मर्यादांत अडकत नाही. अडचण एवढीच की जुना रिसीव्हर ४के चित्र पुढे जाऊ देत नाही, कारण त्यासाठी लागणारे एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे संरक्षण त्याला ठाऊक नसते. तेव्हा ४के यंत्र टीव्हीला आणि बाकीची रिसीव्हरला, अशी वाटणी करावी लागते.

पेनड्राइव्हवरून चित्रपट पाहणाऱ्यांनी टीव्ही घेण्याआधीच एक चौकशी करावी. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींतून डीटीएसची सोय काढून टाकली; अशा टीव्हीवर डीटीएस आवाजाची फाइल लावली की चित्र दिसते पण आवाज येत नाही, आणि मग केबल कोणतीही असली तरी फरक पडत नाही. त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह रिसीव्हरला जोडलेल्या वेगळ्या मीडिया प्लेयरमध्ये लावणे, हाच त्यावरचा उपाय आहे.